मत्स्यशास्त्राची डिग्री फक्त कोकणासाठी?
"नाशिकच्या पोराने बीएफएससी (मत्स्यशास्त्राची पदवी) करून काय करायचं, इथे कुठे समुद्र आहे" असं कुणीतरी लिहिलंय ते मला अजिबात पटलं नाही. रत्नागिरीचं शिरगावचं कॉलेज समुद्राकाठी आहे हे खरं, पण नागपूर आणि उदगीरची मत्स्यविज्ञान महाविद्यालयं कुठल्या समुद्राकाठी आहेत? रोहू कटल्याच्या बीजाचं (म्हणजे पिल्लांचं) सगळं गणितच गोड्या पाण्यातलं, मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी 1957 साली पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन प्रजनन करून दाखवलं तेसुद्धा ओडिशात गोड्या पाण्यातल्या कार्प माशांवरच.

आमचं निफाडला द्राक्षबागेसाठी प्लास्टिक कागदाचं शेततळं आहे, त्यात हौसेने बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडली, पाणी मस्त हिरवंगार झालं म्हणून आम्ही खुश, आणि एक दिवस पहाटे बघतो तर मासे वर येऊन तोंडं उघडतायत, बरेचसे मेले पण. खतवाल्याने औषध मारा सांगितलं. भाचा तेव्हा बीएफएससीच्या तिसऱ्या वर्षाला, फोनवर म्हणाला मामा औषध बिवषध काही नको, पंप लावून पाणी उडवत राहा आणि काही दिवस शेण, खाद्य बंद करा. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं पण रात्री तेच ओढून घेतं, म्हणून उजाडायच्या जरा आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. मग सुट्टीत आला तेव्हा पहाटे पाचला किट घेऊन रोज पाण्यातला ऑक्सिजन मोजायला बसायचा. एवढी शेततळी आहेत आपल्या जिल्ह्यात, आणि कागदाच्या तळ्यात तळाला माती नसते त्यामुळे मातीच्या तळ्याचे हिशोब तिथे जसेच्या तसे चालत नाहीत, यावर एमएफएससीच्या (पुढच्या पदव्युत्तर डिग्रीच्या) पोरांनी इथे येऊन काम करायला हवं असं मला मनापासून वाटतं.