मदत हवी आहे: "यू ऑलराइट?"ला उत्तर काय द्यायचं?

मंडळी, इंग्लंडमधल्या लीड्सला येऊन दोन महिने झाले. सकाळी ऑफिसात शिरलं की जो तो विचारतो, "यू ऑलराइट?" पहिल्या आठवड्यात वाटलं, माझा चेहरा उतरलाय की काय! एका बिचाऱ्याला मी सर्दी, उडालेली झोप, सगळं साग्रसंगीत सांगितलं. तो चहाचा मग धरून दारातच अवघडून उभा. मग उमगलं, हे आपल्या "काय, कसं काय?"सारखंच. उत्तरासाठी कुणी थांबत नाही.

त्यात यॉर्कशरची, म्हणजे या भागातली, जुनी मंडळी नमस्कारासारखं "ए अप" म्हणतात. बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला "चीअर्स" म्हणतात, म्हणजे थँक्यू. मी समजत होते, ते फक्त ग्लास भिडवताना! (मेलबर्नला माझ्या मावसबहिणीला कुणी "हाऊ यू गोइंग?", म्हणजे "कशी आहेस?", असं विचारलं, तर ही म्हणाली, "ट्रामने.")

तर "ऑलराइट?"ला उलट नुसतं "ऑलराइट" म्हणून पुढे गेलं तर चालतं का? वयाने मोठ्या साहेबांनाही? आणि "ए अप" माझ्या तोंडी आगाऊपणाचं वाटेल का? इकडे बरीच वर्षं काढलेल्यांनी सांगा ना.