ब्रूट आयपीए: सावजीसोबत चालते की उगाच नखरा?

तर्रीबाज: मागच्या आठवड्यात पुण्यात एका ब्रूपबमध्ये ब्रूट आयपीए प्यायलो, म्हणजे कडवट आयपीए बीअरचा एकदम कोरडा प्रकार. नाव शॅम्पेनवरच्या ‘ब्रूट’वरून, म्हणजे बिनगोड. फिकट, जोरदार फसफस, पांढऱ्या द्राक्षांचा वास, आणि घोट गिळला की तोंडात गोडव्याचा मागमूस नाही. मे महिन्यात ४५ अंशांत सावजी मटणासोबत याहून चांगली बीअर मला सुचत नाही.

खारोडी: नाही पटत, भाऊ. बीअरले माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, अंग लागते. हे तर एन्झाइम टाकून पिळून काढलेलं. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या किम स्टर्डेव्हंटनं काढलं, थोडे दिवस गाजलं, मग हेझी, म्हणजे गढूळ आयपीएवाल्यांनी खाऊन टाकलं.

तर्रीबाज: एन्झाइम म्हणजे शिवी आहे का बे? यीस्टला न पचणारे डेक्स्ट्रिन, म्हणजे माल्टमधल्या स्टार्चचे तुकडे, ते तोडतं, त्यांची साखर होते, यीस्ट ती फस्त करतं. अमेरिकेत १९६७ साली गॅब्लिंगर्स नावाची डाएट बीअर याच युक्तीवर निघाली होती. खरी कसोटी हॉप्सची, म्हणजे बीअरला कडवटपणा नि वास देणाऱ्या फुलांची. कडवटपणा झाकायला गोडवाच उरत नाही, म्हणून उकळताना हात आखडायचा आणि नेल्सन सॉव्हिनसारखे हॉप्स शेवटी टाकायचे. तो द्राक्षांचा वास तिथूनच येतो.

संत्रेवाली: बाप्पा, तुम्ही दोघं सावजी जेवलात का कधी? फसफस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तो जिभेवर स्वतःच चुरचुरतो. वर अल्कोहोल. मिरी नि लाल मिरचीच्या रश्श्यावर हे ओतलं तर कानातून धूर निघंल! शिवाय दगडफुलापुढं तुमचं नाजूक द्राक्ष कुठं टिकते? या बीअरसोबत पुडाची वडी खा. सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं सारण, वरचं तेलकट कवच. तिथं कोरडी फसफस तेल कापते, दुसऱ्या वडीले तोंड तयार.

खारोडी: वडीचं कबूल, ताई. पण मग सेझाँ काऊन नाही? बेल्जियमच्या वालोनियातली बीअर, तशीच कोरडी, तशीच फसफसणारी, आणि एन्झाइमची शीशी न उघडता. यीस्टचाच मिरीसारखा झटका असते.

तर्रीबाज: सावजीचं मागं घेतो. सेझाँचं नाही घेत. मिरीचा झटका वडीत आधीच आहे, ग्लासात पुन्हा कशाला?

खारोडी: तू वडीत मिरी टाकतो? मग तुह्याशी बोलणंच खुंटलं.