खोडव्यातलं पाचट जाळायचं नाही, पण पाटपाण्यावर जमेल का?

माढेकर:
माढा तालुक्यातलं भारी काळं रान, एक एकर. को 86032 जातीचा ऊस, साडेतीन फुटी सरी, बांधणी झालेली (बुडाशी माती चढवलेली). ठिबक नाही; कॅनॉलचं आवर्तन (पाळीनं सुटणारं पाणी) आणि विहीर यावरच सगळं. तोड जानेवारीअखेर, हातानंच. तोडीनंतर उरलेल्या बुडख्यांतून दुसरा ऊस, म्हणजे खोडवा, घ्यायचाय. शिवारात तोड संपली की मागं राहिलेल्या वाळल्या पानांना, म्हणजे पाचटाला, संध्याकाळी काडी लावायची पद्धत आहे, ती मोडायची आहे. पण तीन गोष्टी अडवतात. पाट सोडला की पाचट वाहत जाऊन सरीत तुंबतं. पाचटाखाली हुमणी (मुळं खाणारी अळी) वाढते असं सगळे म्हणतात. आणि पाचट ठेवलेल्या रानांत फुटवा पिवळा दिसतो. त्यापेक्षा गठ्ठे बांधून कारखान्याला दिलेलं बरं का?

वाफसा:
माढेकर दादा, पिवळेपणापासून सुरू करतो, कारण पाचट ठेवून पुन्हा काडीकडं वळणारे बहुतेक त्यालाच घाबरतात. पाचटात कर्ब भरपूर, नत्र जेमतेम अर्धा टक्का. गुणोत्तर सत्तर-ऐंशीला एक. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं. पाचटात ते मिळालं नाही की ते जमिनीतलं ओढतात आणि कोवळा फुटवा उपाशी राहतो. म्हणून हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक अशी शिफारस आहे. तुमच्या एकराला 32, 40 आणि 4 किलो. हा जिवाणूंचा शिधा, उसाचा नव्हे. तो उसाच्या डोसातून वजा केला की पिवळं पडणारच.

तोड झाल्यावर आठवड्याच्या आत आधी बुडखे छाटा, धारदार कोयत्यानं, जमिनीलगत. वर राहिलेल्या कांडीचे डोळे फुटले तर त्या फुटव्याला स्वतःच्या मुळ्या धड येत नाहीत, तो पुढं वाऱ्याला लोळतो. छाटलेल्या बुडख्यांवर कार्बेन्डाझिम लिटरला 1 ग्रॅम फवारा. बुडख्यावर पाचटाचा एक झुपकाही ठेवू नका. ऊन पोचलं नाही की फुटवे कमी येतात आणि नांग्या (ओळीत रिकाम्या जागा) पडतात.

आता पाणी. बांधणी झालेल्या उसात बुडखे वरंब्यावर आणि सरी मोकळी, हे तुमच्या सोयीचंच आहे. सगळं पाचट एक आड एक सरीत दाबून भरा. मधली सरी रिकामी, पाट तिच्यातून. काळ्या रानात ओल आडवी सरकते, दोन्ही बाजूंच्या ओळींना पोचते. युरिया आणि सुपर फॉस्फेट पाचटाच्या सरीतच फोका. संवर्धक मात्र युरियात कालवू नका, ते मूठ-मूठ शेणखतात मिसळून वरून टाका. पहिलं पाणी पाचटाच्या सरीलाही त्याच दिवशी द्या. कोरड्या पाचटावर पडून राहिलेला युरिया अमोनिया होऊन उडतो आणि जिवाणूही कोरडेच राहतात. हे पाणी रखडत जाणार, दारं धरणारा वैतागणार. सरी लांब असेल तर मधे एक आडवा पाट काढून तुकडे पाडा. वाफसा आला (ओल चालण्याजोगी उतरली) की त्याच सरीतून चालत पाचट पायानं दाबा. मातीला टेकलेलं आधी कुजतं, अधांतरी राहिलेलं पावसाळ्यापर्यंत तसंच.

उसाचं खत पहारीनं. खोडव्याला हेक्टरी नत्र, स्फुरद, पालाश 300:140:140 किलो, म्हणजे एकरी 120:56:56. निम्मं पंधरा दिवसांत, निम्मं 130-135 दिवसांनी. बुडख्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर, 15 ते 20 सेंटिमीटर खोल, दर फुटाला एक भोक, आणि भोक बुजवायचं. दुसरा हप्ता ओळीच्या दुसऱ्या बाजूनं. पाचटावर वरून फेकलेलं खत मुळाशी जात नाही, ही तर उघड गोष्ट.

हुमणीचं खापर पाचटावर फोडू नका. अळी मुळांजवळ, मातीत खोल असते. जाळाची धग वरच्या दोन-चार बोटांपलीकडं जात नाही. पहिल्या वळवानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमलेले भुंगेरे वेचले तर अंडी कमी पडतात. पाचटाखाली खरोखर लपतात त्या लष्करी अळ्या आणि उंदीर. फुटव्याची पानं कडेनं कुरतडलेली दिसली की पाचट उचकटून बघा.

बॉयलरघर:
गठ्ठ्यांपुरतं बोलतो. बेलरला (गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राला) पाचट खडखडीत वाळलेलं लागतं, आणि रेक (पाचट ओढून गोळा करणारं दाताळं) खाली टेकला की माती उचलून येते, मग राखच जास्त. त्यात पाचटात पोटॅश आणि क्लोरीन बगॅसपेक्षा (रस काढलेल्या चिपाडापेक्षा) जास्त. बॉयलरच्या नळ्यांवर राख वितळून चिकटते, क्लिंकर धरतो. म्हणून ते बगॅसमध्ये थोडं-थोडंच मिसळावं लागतं. कारखान्याची गरज ती, तुमची नव्हे.

एकरी चार टन पाचट धरा. नत्र 0.45 टक्के म्हणजे 18 किलो, पालाश 0.9 टक्के म्हणजे 36 किलो. युरियाच्या हिशोबात 39 किलो, म्युरेट ऑफ पोटॅशच्या हिशोबात 60 किलो. गठ्ठ्याबरोबर हे सगळं रानाबाहेर जातं. जाळलं तर पालाश राखेत उरतो, तोही वावटळीनं शेजाऱ्याच्या बांधावर. नत्र आणि कर्ब तर गेलेच.

आणि कार्बन डायऑक्साइडवरून भांडू नका, तो पुढचा ऊस परत ओढतो. अर्धवट जळणाऱ्या ओलसर पाचटातून निघणारी काजळी, बारीक धूलिकण, मिथेन, हे खरं दुखणं. हिवाळ्यात संध्याकाळी हवा जड असते, धूर वर न जाता वस्तीवर बसतो. नेमकी तीच वेळ काडी लावायची!

माढेकर:
शेजारच्यानं पेटवलं आणि जाळ बांध ओलांडून आला तर? पाचट भरलेलं रान म्हणजे वाळलेला कडबाच की.

वाफसा:
बांधाच्या कडेनं चौफेर दहा फूट पट्टा पाचटाविना ठेवा, तिथलं आतल्या सरीत ओढा. डीपीखाली आणि लोंबत्या तारांखालीही तसंच. ठिणगी तिथूनच पडते. पाचटाच्या सरीला पहिलं पाणी शेजाऱ्याची तोड संपायच्या आत बसवा. ओलं, दाबलेलं पाचट सहजी पेट घेत नाही. आवर्तनाची वाट बघत बसू नका, हे एक पाणी विहिरीचं द्या. पुढं मार्च-एप्रिलमध्ये दोन पाण्यांतलं अंतर वाढवता येईल, पण दिवस मोजून नव्हे. पाचट बाजूला सारून मुठीत माती दाबायची. गोळा होऊन फुटला तर अजून थांबायचं, होतच नसेल तर पाणी.

एक राहिलं. तोड लांबून फेब्रुवारीच्या मध्यापुढं गेली तर खोडवाच ठेवू नका. मग पाचटाची कुट्टी करून नांगरटीत गाडा. युरिया, सुपर फॉस्फेट, संवर्धक याच मापानं.