परसबागेत पाखरे हवीत, पण उंदीर आणि साप नकोत : मार्गदर्शन हवे आहे (सांगली)

नमस्कार.

सांगलीत विश्रामबागच्या पुढे, जिथे वस्ती विरळ होऊन उसाची राने सुरू होतात, तिथे आमचे जुने बैठे घर आहे. घरामागे दीड-दोन गुंठ्यांची परसबाग असून तिच्यात लिंबू, कढीपत्ता, शेवगा, जास्वंद, तांबडी कण्हेर आणि मधुमालतीचा मांडव आहे. एका कोपऱ्यात पालापाचोळा कुजवण्याचा खड्डा आहे. ही बाग कोणी आखून केलेली नाही. सासूबाईंनी जे लावले ते आणि जे आपोआप उगवले ते, असे मिळून तिला आजचे रूप आले आहे.

गेल्या काही वर्षांत आसपासची बहुतेक अंगणे फरशीखाली गेली आणि त्या साऱ्या अंगणांतील पाखरांनी जणू आमच्याकडेच मुक्काम हलवला. बुलबुल, दयाळ, शिंपी, साळुंक्या, होले ही मंडळी रोजची झाली आहेत. शिंजिराचा नर जास्वंदीवर येतो तेव्हा बहुधा फुलात चोच घालत नाही, तर देठाजवळ बाहेरूनच भोक पाडून मकरंद ओढून घेतो, हे आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाताच्या अंतरावर दिसते. शेवग्याच्या वाळलेल्या फांदीत तांबटाने ढोली कोरली आहे. खारी, सरडे आणि पावसाळ्यात भेक हे तर घरचेच.

आता अडचण सांगते. सासूबाई रोज सकाळी अंगणात ज्वारी आणि तांदळाच्या कण्या टाकतात. यंदा गाळप हंगामात मागच्या रानातील ऊस तुटला आणि त्यानंतर उंदीर-घुशींचा उपद्रव एकदम वाढला. कुंपणाच्या भिंतीलगत ताजी बिळे दिसू लागली, आणि चैत्रात एक चांगली लांब धामण पालापाचोळ्याच्या खड्ड्याकडून भिंतीकडे जाताना घरातल्या सर्वांनी पाहिली. ती धामणच होती, याची खात्री एका सर्पमित्राने छायाचित्र पाहून करून दिली. तरीही शेजारचे काका तेव्हापासून अस्वस्थ आहेत. झाडे काढा, तणनाशक मारा आणि सगळीकडे पेव्हर ब्लॉक घाला, असा त्यांचा आग्रह आहे. नातवंडे अंगणात खेळतात, तेव्हा त्यांची भीती निराधार आहे असे मी म्हणू शकत नाही. आमच्या ह्यांनाही ते पटू लागले आहे आणि मृगाच्या आत काम उरकायचे म्हणून एका ठेकेदाराकडून अंदाजपत्रकही आले आहे.

माझी इच्छा परसबाग राखण्याची आहे, परंतु घरात नुसत्या इच्छेला किंमत नसते. कारणे द्यावी लागतात. म्हणून जाणकारांना विचारते : साप नेमका कशामुळे येतो, झाडांमुळे की आणखी कशामुळे? दाणे टाकणे पूर्ण बंद करावे का? पालापाचोळ्याचा खड्डा ठेवावा की बुजवावा? पाखरांसाठी मातीच्या परळात पाणी ठेवतो, त्याला डेंग्यूच्या सर्वेक्षणासाठी येणाऱ्या ताई दर वेळी हरकत घेतात. त्यावर काय करावे? शिवाय लिंबावर अळ्या पडल्या आहेत आणि बागकाम करणारे मामा फवारणीसाठी हटून बसले आहेत. उंदरांचे विष ठेवण्याचाही विचार घरात चालू आहे, त्याबद्दलही कृपया सांगावे.

— निशिगंध


प्रतिसाद : माळरान

निशिगंधताई, साप हिरवाईसाठी येत नाही. तो भक्ष्यासाठी आणि दडायला जागा मिळते म्हणून येतो. तुमच्याकडे जे घडले त्याचा क्रम सरळ आहे. उसाच्या फडात उंदरांना वर्षभर आडोसा असतो. तोडणी झाली की तो आडोसा जातो, आणि उंदीर जवळची वस्ती गाठतात. तिथे त्यांना रोज सकाळी सांडलेली ज्वारी मिळाली तर ते ठाण मांडतात आणि त्यांच्या मागोमाग धामण येते. या साखळीतून दाणा वगळला तर पुढचे बरेच काही आपोआप सैल पडते. झाडे वगळून मात्र फारसे काही साधणार नाही. पेव्हर ब्लॉकचीही तीच गोष्ट आहे. ते वाळूच्या थरावर बसवतात, आणि कडेची वाळू पावसाने वाहून गेली की घुशींना खाली पोखरायला आयती जागा मिळते. अशी कितीतरी अंगणे मी पाहिली आहेत.

दाणे पूर्ण बंद करण्याची गरज नाही, पण जमिनीवर टाकणे आजपासूनच थांबवावे. गुळगुळीत लोखंडी नळीवर, भिंत आणि फांद्यांपासून दूर, कडा असलेले एक ताट बसवावे. पाखरे तासाभरात संपवतील एवढीच ज्वारी त्यात घालावी आणि दिवस मावळण्यापूर्वी ताट झाडून घ्यावे. शिजवलेला भात, मिठाचे फरसाण आणि पाव यांपैकी काहीही घालू नये. सासूबाईंना हेही सांगावे की, चिमणीची पिल्ले सुरुवातीचे दिवस दाण्यांवर नव्हे, तर किड्या-अळ्यांवर वाढतात. बुलबुल, दयाळ आणि शिंपी यांना तर दाण्यांची गरजच नसते. शिंजीर मकरंदावर जगतो खरा, पण पिल्लांना तोही कोळी आणि किडेच भरवतो. त्यामुळे बागेत किडे टिकू देणे हेच पाखरांसाठी मोठे अन्नछत्र आहे.

उंदरांचे विष अजिबात ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याचशा विषांनी उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि नेमका असा उंदीर पिंगळ्याच्या, गव्हाणी घुबडाच्या किंवा शेजारच्या मांजराच्या तोंडी लागतो. विष मग त्यांच्याही अंगात भिनते. म्हणजे जे फुकटात उंदीर मारत होते तेच आपण मारून बसतो. त्याऐवजी पिंजरा लावावा, बिळे विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवावीत, आणि मोरीच्या व सांडपाण्याच्या तोंडाला बोट शिरणार नाही अशी बारीक जाळी बसवावी. भिंतीलगत हातभर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा. विटा, कौले किंवा सरपण भिंतीशी रचलेले असेल तर ते हलवून जमिनीपासून फूटभर उंच फळीवर ठेवावे. धान्याची पोती घराबाहेर नकोतच. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावावी. फिनेल, गंधक, लसूण यांवर पैसे घालवू नयेत. सापांवर त्यांचा भरवसा धरता येत नाही.

पालापाचोळ्याचा खड्डा ठेवावा, परंतु तो घराच्या भिंतीपासून शक्य तितका दूर, खेळण्याच्या जागेपासून वेगळा आणि स्वयंपाकघरातील शिळ्या अन्नापासून मुक्त असावा. तो हाताने उकरू नये. फावड्याने वरचेवर हलवावा.

काकांची भीती मात्र थट्टेवारी नेऊ नये. धामण बिनविषारी आहे आणि दिवसा फिरते. ती गाईचे दूध पिते, शेपटीने फटकारते, या सांगोवांगीच्या गोष्टी आहेत. पण आपल्या भागात नाग, मण्यार आणि घोणस आहेतच, आणि त्यांतली मण्यार रात्री हिंडते. तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. म्हणून रात्री परसात जाताना विजेरी आणि बंद पादत्राणे हवीतच, आणि उन्हाळ्यात उघड्या ओसरीवर जमिनीवर अंथरूण घालून झोपणे टाळावे. साप दिसला तर लांबून नजर ठेवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण आहे. मारणे हा गुन्हा ठरतो. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये आणि मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू नये. हात किंवा पाय हलू न देता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी आणि थेट शासकीय रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर प्रतिसर्पविष एकच असते, तेव्हा साप ओळखण्यासाठी त्याचा पाठलाग करण्याचे काही कारण नाही.


प्रतिसाद : पानोपानी

मी फक्त अळ्या आणि परळातले पाणी यांबद्दल लिहिते. मामांना फवारणी करू देण्याआधी एक अळी नीट पाहा. लिंबाच्या कोवळ्या पानावर पाखराची विष्ठा पडल्यासारखा तपकिरी-पांढरा ठिपका दिसतो. तो अळीच असतो. थोडी मोठी झाली की ती हिरवीगार होते, आणि काडीने हलकेच डिवचले तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दुबेळकी शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. ही 'लाइम' किंवा 'कॉमन मॉरमॉन' या फुलपाखरांची अळी आहे. नीलवंत, म्हणजे २०१५ पासूनचे आपले राज्य फुलपाखरू, तेही लिंबाच्याच कुळातील झाडांवर अंडी घालते. वाढलेल्या लिंबाला या अळ्यांनी फारसे काही होत नाही. नवे रोप असेल तर त्यावरच्या अळ्या उचलून कढीपत्त्यावर सोडाव्यात, त्यांना तोही चालतो. कण्हेरीची पाने उलटून पाहिलीत तर 'कॉमन क्रो' या फुलपाखराचा कोष सापडेल. तो चांदीचा मुलामा दिल्यासारखा लखलखतो. नातवंडांना जरूर दाखवा, मात्र कण्हेर विषारी असल्याने हात धुवायला लावा.

पाण्याच्या बाबतीत त्या ताईंचे म्हणणे बरोबर आहे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. पण अंडी पाण्यात नव्हे, तर भांड्याच्या कडेला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, आणि वाळल्यावरही कित्येक महिने तग धरतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. परळ रोज सकाळी काथ्याने घासून, उलटे करून मग भरावे. आरोग्य खात्याचा आठवड्याचा 'कोरडा दिवस' आहे, तो या परळाला रोजच पाळावा. पाणी दोन बोटांपेक्षा खोल नको आणि मध्ये एखादा खडबडीत दगड असावा. झुडपाला अगदी चिकटून ठेवू नये, मांजराला दबा धरायला सोपे जाते.


प्रतिसाद : गावभागातला

माळरान यांच्याशी बहुतेक सहमत आहे, तरी दाण्यांच्या ताटावर होले आणि पारवेच दंडेली करतात, हे लक्षात घ्यावे. आमच्याकडे शेवटी ताट काढून टाकले आणि भिंतीशी मेंदी वाढू दिली. चिमण्या त्या कुंपणात दिवसभर असतात, दाण्यांवाचून त्यांचे काही अडले नाही.

दुसरे म्हणजे नदीकाठच्या आम्हा लोकांना २०१९ च्या महापुरानंतर सापांचे नवे शिक्षण मिळाले. पाण्याबरोबर वाहत येऊन माळ्यावर बसलेली दिवडे आम्ही पाहिली. त्यात आमच्या झाडांचा काही दोष नव्हता. तुमचे घर उंचावर असेल तर हा प्रश्न नाही, नसेल तर काकांना हे उदाहरण द्यावे.


निशिगंध

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माळरान यांचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. ठेकेदाराला पेव्हर ब्लॉकऐवजी भिंतीलगतचा पट्टा, बिळे आणि मोरीची जाळी एवढेच काम सांगायचे, यावर एकमत झाले आहे. सासूबाईंनी ताट मान्य केले, मात्र त्यात कण्या नकोत हे अजून पटलेले नाही. काकांशी रविवारी बोलणार आहोत. आता एकच विचारायचे उरले : मागच्या तारेच्या कुंपणाशी पाऊस सुरू झाल्यावर काय लावावे? जमीन काळी आहे आणि पाणी बेताचे देता येते.


प्रतिसाद : पानोपानी

करवंद लावावे. काटेरी असल्याने बुलबुलाच्या घरट्यापर्यंत मांजर पोहोचत नाही आणि वैशाखात फळे तुम्हालाही मिळतील. मध्ये मध्ये कोरांटी आणि पानफुटी असू द्यावी. कोरांटीवर 'लेमन पॅन्सी' आणि पानफुटीवर 'रेड पिएरो' ही फुलपाखरे अंडी घालतात. कोपऱ्यात जागा असेल तर एक बहावा. घाणेरी सुंदर दिसली आणि रोपवाटिकेत स्वस्त मिळाली तरी आणू नये, ती परदेशी आहे आणि एकदा पसरली की आवरत नाही. रोपे दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर भिजल्यावरच लावावीत. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे, रोज थोडे थोडे नको. आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचा ढीग करण्याऐवजी त्याचा बोटभर जाड थर पसरावा, म्हणजे ओल टिकेल आणि सापाला दडायला आडोसाही राहणार नाही.