‘ओरॅकल’साठी ‘कौल’ चालेल का?

रहस्य-तपासाचे रोलप्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र होऊन गोष्ट पुढे न्यायचे खेळ, मी एकटीच खेळते. चौघं-पाच जण जमले की गोष्ट चालवणाऱ्या गेम मास्टरला खुनी ठाऊक असतो. एकटीने खेळताना तो कोणालाच ठाऊक नसतो, म्हणून प्रश्न फाशांना विचारायचे. या सोयीला खेळणारे ‘ओरॅकल’ म्हणतात. मराठीत काय म्हणावं?

‘भविष्यवाणी’ नको. ओरॅकल पुढचं सांगत नाही, आत्ता काय आहे ते सांगतं. ‘आकाशवाणी’ म्हटलं की रेडिओच आठवतो. मला ‘कौल’ नेमका वाटतो. कोकणात गाऱ्हाणं घालून देवाला कौल लावतात. मूर्तीला चिकटवलेली उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गोव्यात यालाच प्रसाद म्हणतात. म्हणजे प्रश्न हो-नाहीतच मांडावा लागतो, अगदी फाशांपुढे मांडावा लागतो तसाच.

परवा १९२०च्या दशकातल्या मॅसॅच्युसेट्समधली एक गोष्ट खेळत होते, २००३ साली आलेल्या ‘मिथिक’ या ओरॅकलचे नियम घेऊन. प्रश्न: डॉक्टरांच्या घराचं मागचं दार उघडं आहे का? शक्यता निम्मी धरली, म्हणजे ५०पर्यंत काहीही पडलं तर होय. दहा बाजूंचे दोन फासे टाकले, एक दशकाचा, एक एककाचा. ३३! होकार तर मिळालाच, शिवाय जुळा आकडा. त्या वेळी ‘केऑस’, म्हणजे गोष्टीतला गोंधळ मोजणारा आकडा, ५ होता. जुळ्यातला अंक त्याहून मोठा नसेल तर एखादी अनपेक्षित घटनाही येते. दार उघडं होतं, आणि आत कोणीतरी दिवा लावून बसलेलं होतं. मी वहीत लिहिलं, ‘उजवा कौल’. पुढचं पान लिहिताना हात थांबला नाही.

देवाचा शब्द खेळात कशाला, असं कोणी म्हणेल. पण मुळात हा अरबी शब्द, अर्थ ‘बोल’, ‘वचन’. कौलनामा त्यातूनच आला. निवडणुकीत जनतेचा कौल असतो. क्रिकेटच्या बातमीत तर ‘नाणेफेकीचा कौल’ आपण रोज वाचतो, आणि तिथे नाणं उडवून दैवाला विचारणंच चाललेलं असतं. मग फाशांचाही कौल का नसावा?

‘क्लू’पाशी मात्र मी अजून अडले आहे. सुगावा ‘लागतो’, तो उचलून खिशात टाकता येत नाही. धागेदोरे मोजता येत नाहीत. आणि मोजावे तर लागतात: ‘ब्रिंडलवुड बे’ या रहस्य-खेळात खुनी आधी ठरलेलाच नसतो. आपण तर्क मांडायचा, फाशांच्या बेरजेत हाती आलेले क्लू मिळवायचे आणि प्रकरणाच्या गुंतागुंतीचा आकडा वजा करायचा. ‘पुरावा’ इथे फार जड होतो, कारण रुमालावरचा डाग तर्कात बसेपर्यंत कशाचाच पुरावा नसतो. सध्या मी ‘दुवा’ लिहिते. चार दुवे, पाच दुवे, मोजायला सोपं. पण वही दाखवली की वाचणाऱ्याला वेबसाइटची लिंकच वाटते. ‘खूण’ कशी वाटते? की तुमच्या बोलीत याहून नेमका शब्द आहे?