पुन्हा: पुन्हा: मोटरहोमचे दिवे (शनिवारच्या आत कुणीतरी बघा)

मंडळी,
परत तेच. पाण्याचा पंप चालू झाला की छतातले दिवे मिणमिणतात, मधूनच फ्रीज ढुम्म. काल ड्राइव्हवेत तासभर बसून राहिलो, काही नाही. रात्री निघायच्या आधी दिवे पुन्हा गेले. फ्यूज बदलून झाले, हाउस बॅटरी (आतले दिवे-पंप चालवणारी) नवी. शनिवारी स्लीपिंग बेअर ड्यून्सच्या (मिशिगनमधल्या वाळूच्या टेकड्या) सहलीला पुरण ह्याच फ्रीजमधून न्यायचंय.
— मोटरहोमवाला

दादा,
बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे, तिच्या मागे लागू नका. काल ड्राइव्हवेत गाडी घरच्या प्लगवर होती का?
— वायरवाले काका

हो, प्लगवरच होती. प्लगवर कधीच होत नाही, आत्ता लक्षात आलं!

मग सापडलंच समजा. प्लगवर असताना कन्व्हर्टर (१२० व्होल्टचे १२ करणारा डबा) थेट पॅनेलला साडेतेराच्या आसपास व्होल्ट देतो, बॅटरीची गरजच कुठे? प्लग काढला की सगळा करंट बॅटरीच्या काळ्या वायरने चासीतून (गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून) फिरतो. ती वायर चासीला जिथे बोल्टने लागते तिथे मिशिगनच्या रस्त्यांवरचं मीठ बसून गंज, म्हणून करंट अडतो. प्लग काढून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं चासीच्या घासून चकचकीत केलेल्या जागी, आणि वहिनींना पंप चालू करायला सांगा. पंप-दिवे बंद असताना जवळपास शून्यच दिसणार, म्हणून चालू असतानाच बघायचं. ०.२ व्होल्टच्या वर गेलं की बोल्ट उघडा. फ्रीज गॅसवर चालत असला तरी त्याच्या बोर्डाला १२ व्होल्ट लागतातच, म्हणून तो आधी रुसतो. आमच्या बाबांच्या स्कूटरचा हेडलाइटही असाच हॉर्नबरोबर मंदावायचा. साताऱ्याच्या मेकॅनिकने दोन पैशांचा वॉशर बदलला होता.

एक मिनिट. गेल्या वर्षी लडिंग्टनच्या कॅम्पला हेच दिवे गेले तेव्हा खापर माझ्या मिक्सरवर फोडलं होतं. चटणी अर्धी राहिली. मिक्सर १२० व्होल्टवर, दिवे १२ वर, संबंध काय?
— चटणीवाल्या काकू

काकू, थोडासा आहे. एसी, मायक्रोवेव्ह आणि मिक्सर एकदम लावल्यावर कॅम्पमधल्या विजेच्या खांबावरचा ३० अँपिअरचा ब्रेकर पडला. कन्व्हर्टर बंद, गाडी बॅटरीवर आली, आणि गंजलेला बोल्ट उघडा पडला. मिक्सर फक्त निमित्त.

म्हणजे मायक्रोवेव्ह कुणी लावला होता?

ही मेल-यादी मंडळाच्या कार्यक्रमांच्या सूचनांसाठी आहे. दुरुस्तीचं सगळं वेगळ्या धाग्यात न्यावं, असं मार्चमध्येच ठरलं होतं.
— सचिव

मार्चमध्ये ते पार्किंगबद्दल ठरलं होतं.

१.१ आलं! पंप चालू केल्याबरोबर. बोल्ट उघडला तर वॉशरचा भुगा हातात आला. घासलं, नवा दातेरी वॉशर घातला, वरून ग्रीस थापलं. आता ०.०५. प्लग काढून पंप तीनदा चालवला, दिवे ढिम्म हलत नाहीत. काकू, शनिवारी पुरण तुमच्याकडून उचलू ना?

आमच्याकडून? पुरण कुणी करायचं ते जेवण समितीने अजून ठरवलेलं नाही. आणि श्रीखंड की पुरण, हाही प्रश्न आहेच.
— चटणीवाल्या काकू