शिसवीवर रंधा : धार हा एकच प्रश्न नाही

शिसवीवर रंधा मारताना ढलपे उचकटतात, त्याला बोथट पातं हे कारण दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. शिसवीचे तंतू थराथराने उलटसुलट वळतात. त्यामुळे एका बोटभर पट्टीत गुळगुळीत गेलेला रंधा शेजारच्याच पट्टीत तंतू उपटतो. पातं रंध्याबाहेर अगदी कमी काढा, रंधा थोडा तिरका धरा. शेवटचा हात स्क्रेपरचा, म्हणजे लाकूड खरवडायच्या पोलादी पट्टीचा, त्याने जांभळट तपकिरी गाभ्यातल्या काळ्या रेषा काय सुंदर उठतात! काही फळ्यांत चुनखडीचे कण असतात, ते धार खातात. आणि कडेचा पांढुरका भाग कृपया वापरू नका, त्याला भुंगा लागतो. गाभा मात्र टिकतो. स्क्रूला आधी भोक पाडाच, नाहीतर फळी तडकते.